रिपोर्ट नॉर्मल, माणूस बदललेला

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. पत्राचा सारांश असा. चार महिन्यांपूर्वी तिचे शौहर मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. थोडा वेळ शुद्ध हरपली, मग उठून बसले. अकोल्याला नेऊन सीटी स्कॅन काढला. मेंदूत रक्तस्राव नाही असं सांगून दोन दिवसांनी सुट्टी मिळाली. घरच्यांनी अल्लाहचे आभार मानले, सदका दिला.

पण घरी परतलेला माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. किराणा दुकानाचा जो हिशेब तोंडपाठ असायचा, तो आता वहीवर मांडूनही जुळत नाही. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना खुपतो. मुलांनी जरा आवाज केला की संताप होतो. रात्री झोप नाही, दिवसा ग्लानी. सासरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे काम टाळायचे बहाणे आहेत. शेजारीण म्हणते, आसेब आहे. माहेरचे म्हणतात, खुला घेऊन मोकळी हो. पत्राच्या शेवटी तिनं विचारलं आहे, "आपा, रिपोर्ट खोटा आहे की माझे शौहर?"

या प्रश्नासाठी या महिन्याचं सगळं सदर द्यावं असं वाटलं, कारण असे रिपोर्ट आणि अशी माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मी भाषा शिकवणारी शिक्षिका, डॉक्टर नव्हे. म्हणून औषध सांगणार नाही. पण रिपोर्टमधला 'नॉर्मल' हा शब्द किती सांगतो आणि किती सांगत नाही, एवढं नीट समजून घेता येतं. आणि उत्तर आधीच सांगून टाकते: रिपोर्ट खरा असू शकतो आणि शौहरही.

कवटीच्या आत

आपला मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा. घट्ट जमलेल्या फिरनीसारखा मऊ, आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. फिरनीची वाटी हातात घेऊन धावताना एकदम थांबलो तर काय होतं ते पाहा. वाटी थांबते, फिरनी पुढे हिंदकळते. गाडीवरून पडल्यावर कवटी रस्त्याला लागून थांबते, पण आतला मेंदू पुढे-मागे आदळतो आणि पिळवटतो. त्या पिळवटण्यात केसाहून बारीक मज्जातंतू ताणले जातात आणि त्यांच्याजवळून जाणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या फाटतात.

मोठी रक्तवाहिनी फाटली तर रक्ताची गाठ साचते, मेंदूवर दाब येतो आणि जीव धोक्यात येतो. हा मोठा रक्तस्राव. बारीक वाहिनी फाटली तर थेंबाहून लहान, काही मिलिमीटरचाच डाग पडतो. दाब वाढत नाही, जीव जात नाही. याला सूक्ष्म रक्तस्राव म्हणतात. पत्रातल्या कोड्याची किल्ली बहुधा इथे आहे: हा डाग पकडण्यासाठी सीटी स्कॅन पुरेसा पडत नाही.

अंदाजापासून चित्रापर्यंत

डोक्याच्या आतलं पाहायची सोय फार जुनी नाही. मार्च १९६२ मध्ये भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज हेल्मेट घालत नसत. काही वेळाने त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला विरुद्ध संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. आपल्याकडचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. त्या डॉक्टरांकडे सीटी नव्हता, एमआरआय नव्हता. बाहुल्या किती पसरल्या, हात-पाय हलतात का, हाक मारली तर उत्तर येतं का, एवढ्यावरून आतलं ओळखायचं.

कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या जागी २१ वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले. त्यांनी स्वतः आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, इंग्लंडमधल्या मोटार अपघातात एका डोळ्याची नजर गमावली होती. कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात पुढे धातूची पट्टी बसवली गेली. ती मुंबईत एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे तब्बल ६० वर्षांनी काढली. डोक्याची इजा माणसाला किती लांब सोबत करते, याचा हा एक दाखला.

त्या दौऱ्यानंतर ९ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. १९७९ मध्ये त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. क्ष-किरणांनी मेंदूचे काप काप करून चित्र काढायचं ही त्यामागची युक्ती. ताजं साचलेलं रक्त मेंदूपेक्षा दाट असल्यामुळे सीटीत पांढरं दिसतं. तपासणी काही मिनिटांत होते. म्हणून अपघातानंतर पहिली तपासणी सीटीचीच, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा डॉक्टरांना एकच प्रश्न सोडवायचा असतो: ताबडतोब शस्त्रक्रिया लागेल असा मोठा रक्तस्राव आहे का? त्या भगिनीच्या रिपोर्टने या प्रश्नाचं 'नाही' असं उत्तर दिलं. मेंदूला काहीच झालं नाही, असं त्याने म्हटलेलं नव्हतं. ते आपण घरी येऊन आपल्या मनाने वाचलं.

रक्तातलं लोखंड आणि चुंबक

शाळेतला एक प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. कागदाखाली चुंबक धरायचं, वर लोहकीस भुरभुरायचा आणि कागद हळूच टिचकवायचा. चुंबक दिसत नाही, पण कीस त्याच्या रेषा दाखवतो. सूक्ष्म रक्तस्राव शोधणारी तपासणी याच नात्यावर चालते, फक्त उलट दिशेने: तिथे चुंबक प्रचंड मोठं असतं आणि लोखंडाचा कण आपल्या रक्तातला असतो.

रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे, त्यात लोह असतं. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्राणवायू सोडून दिलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं जातं आणि प्राणवायू असलेलं रक्त तसं ओढलं जात नाही. रक्तवाहिनीबाहेर सांडलेलं रक्त प्राणवायू गमावतं, तुटतं, आणि त्यातलं लोह मेंदूच्या त्या जागी गंजाच्या डागासारखं साठून राहतं.

एमआरआयचं यंत्र म्हणजे मुळात एक बलाढ्य चुंबक. लोहाचा डाग आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र जरासं बिघडवतो. ही बारीकशी गडबड टिपण्यासाठी एमआरआय चित्रणाची एक खास पद्धत आहे. तिचं छोटं नाव एसडब्ल्यूआय. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्क हाके, युर्गेन रायकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. या चित्रात लोहाचा डाग काळा ठिपका होऊन उमटतो, आणि खऱ्या आकारापेक्षा मोठा दिसतो. म्हणूनच सीटीला न दिसणारा डाग इथे सापडतो. सांडलेल्या रक्तातलं लोह महिनोन्‌महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथेच राहतं. त्यामुळे चार महिने उलटले म्हणजे तपासणीची वेळ गेली, असं नाही.

ठिपके काय सांगतात

हे नुसतं तंत्राचं कौतुक नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोक्याला सौम्य इजा झालेल्या १३५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचा पहिला सीटी नॉर्मल होता, त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये इजा दिसली. मेंदूला खरचटल्याची खूण किंवा चार-अधिक सूक्ष्म रक्तस्राव ज्यांच्यात होते, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा वाईट होती.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डोक्याला मार लागलेल्या ४३९ प्रौढांचा एमआरआय दोन दिवसांच्या आत काढला होता. ३१ टक्के लोकांत सूक्ष्म रक्तस्राव सापडले. गंभीर इजा झालेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के, आणि ज्यांची इजा 'सौम्य' म्हणून नोंदली होती त्यांच्यातही २७ टक्के. ज्यांच्यात हे डाग होते, त्यांना पुढे रोजच्या जगण्यात अधिक अडचणी आल्या. अभ्यासातली एक व्यक्ती नंतर मरण पावली. तिच्या कुटुंबाने मेंदू संशोधनासाठी दिला. तो तपासल्यावर कळलं की लोह चित्रातल्या ठिपक्यापलीकडेही रक्तवाहिनीच्या कडेने पसरलेलं होतं. म्हणजे इतकं बारीक चित्रसुद्धा इजा थोडी कमीच दाखवत होतं.

'सौम्य' या शब्दाने दरवेळी फसायला होतं. डॉक्टरांच्या भाषेत सौम्य म्हणजे तपासताना रुग्ण शुद्धीवर होता, बोलत होता. पुढचे सहा महिने घरात काय चालेल, याचं मोजमाप त्या शब्दात नसतं.

पण घाई नको

एवढं वाचून प्रत्येक टेंगळासाठी एमआरआयच्या रांगेत उभं राहू नका. चार गोष्टी ध्यानात असू द्या.

एक, सगळे काळे ठिपके अपघाताचे नसतात. बरीच वर्षं बीपी वाढलेलं असेल तर किंवा वय झाल्यावरही असे ठिपके पडतात. चुन्याचे कणसुद्धा काळे दिसू शकतात. ठिपके मेंदूच्या कोणत्या भागात आहेत, किती आहेत, यावरून तज्ज्ञ फरक करतात.

दोन, ठिपका पुसून टाकणारी गोळी नाही. तपासणीचा उपयोग वेगळा आहे. त्रासाला नाव मिळतं, पुढच्या भेटी ठरतात, स्मरणशक्ती, चक्कर, बोलणं, राग यांच्यावर काम करणाऱ्या उपचारांची दिशा मिळते. आणि घरच्यांचा संशय मिटतो, हेही थोडं नाही.

तीन, ठिपके असूनही पुष्कळ लोक चांगले सावरतात. आणि ठिपके नसूनही एखाद्याला खरा त्रास असू शकतो. म्हणून एमआरआयही नॉर्मल आला तर "बघा, नाटक होतं" असं म्हणायला आपण मोकळे झालो, असं समजू नका.

चार, एमआरआय घ्यायचा की नाही हे न्यूरोचा डॉक्टर ठरवेल. तो लिहून देईल तेव्हा एवढंच विचारा, "यात एसडब्ल्यूआय आहे ना?" नेहमीच्या साध्या एमआरआयमध्ये हे चित्र दरवेळी असेलच असं नाही.

आपल्या भगिनींसाठी एक व्यवहाराची सूचना. एमआरआयचं चुंबक सतत चालू असतं. हिजाबच्या पिना, केसांचे चाप, कानातलं, पैंजण, अंडरवायर आणि धातूच्या पेटीतला तावीज हे सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. सुरमा लावून जाऊ नका. हृदयात पेसमेकर, डोक्यात क्लिप किंवा शरीरात कुठेही धातू असेल तर आधी सांगा. ओढणी पिनांशिवाय बांधता येते, आणि महिला कर्मचारी हवी असेल तर वेळ घेतानाच तसं सांगून ठेवावं.

पहिले दोन दिवस

यंत्रं शहरात असतात. पहिली निगराणी घरात, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे. मार लागल्यानंतर पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करा किंवा मोठं रुग्णालय गाठा:

- पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी येणं, जागं करणं अवघड होणं, असंबद्ध बोलणं
- झटके येणं
- एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणं
- हाता-पायातली ताकद कमी होणं, जीभ जड होणं
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणं
- तान्ह्या बाळाचं न थांबणारं रडणं, दूध न घेणं, टाळू फुगणं

बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, मान हलवू नका, झटक्यात चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नका, तिने रक्त गोठायला वेळ लागतो.

वृद्धांबाबत जास्त सावध राहा. वुजूच्या जागी किंवा न्हाणीत पाय घसरून दादी पडतात, टेंगूळ येतं, आठवड्यात विसरलं जातं. महिनाभराने त्या अडखळतात, नावं विसरतात, दिवसभर झोपून राहतात. आपण म्हणतो, वय झालं. काही वेळा ते वय नसतं. कवटी आणि मेंदूच्या मध्ये हळूहळू झिरपत साचलेलं रक्त असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता अधिक. हे रक्त सीटीवर दिसतं, आणि ते बाहेर काढून टाकल्यावर अनेक वृद्ध पुन्हा चालते-बोलते होतात. म्हणून पहिला सीटी नॉर्मल असला तरी बदल दिसताच दुसऱ्यांदा दाखवा.

लहान मुलांचं गणित उलटं आहे. सीटीत क्ष-किरण असतात, ते मुलांना विनाकारण नकोत. २००९ मध्ये ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासावरून डॉक्टरांनी नियम तयार केले, कोणत्या मुलाला सीटीशिवाय नुसतं निरीक्षणाखाली ठेवता येतं त्याचे. डॉक्टर म्हणाले, "स्कॅन नको, लक्ष ठेवा," तर तो निष्काळजीपणा समजून दुसऱ्या दवाखान्यात स्कॅनचा हट्ट धरू नका.

नंतरचे महिने

आता त्या भगिनीच्या घराकडे. उजेड न सोसणं, हिशेब चुकणं, चिडचिड, झोपेची उलथापालथ ही सगळी डोक्याच्या इजेनंतरची ओळखीची लक्षणं आहेत. मेंदूचा पुढचा भाग राग आवरतो, पुढचं ठरवतो, एका वेळी दोन गोष्टी सांभाळतो. डोकं आपटल्यावर इजा होण्याच्या नेहमीच्या जागांपैकी ती एक. म्हणून पडल्यानंतर माणसाचा 'स्वभाव' बदलतो. बहाणा करणारा माणूस पाहुणे आल्यावर कण्हतो. हा माणूस पाहुण्यांसमोर नीट बसतो आणि ते गेल्यावर कोसळतो, कारण नीट बसण्यातच त्याची सगळी ताकद संपलेली असते.

शाळेतही हे दिसतं. गच्चीवरून किंवा झाडावरून पडलेलं मूल आठवड्याने वर्गात येतं. टाके सुकलेले, चेहरा ठीक. पण फळ्यावरचं उतरवताना मागे पडतं, पाढे अडतात, मधल्या सुट्टीतल्या गोंगाटात कोपरा धरतं. शिक्षकांना घरून कुणी सांगितलेलंच नसतं. पालकांनो, एक चिठ्ठी द्या: अमुक तारखेला डोक्याला मार लागला आहे. त्या चिठ्ठीने मुलाला पुढच्या बाकावर जागा मिळेल, गृहपाठ थोडा कमी होईल आणि 'आळशी' हा शिक्का टळेल. डॉक्टर परवानगी देईपर्यंत कबड्डी, कुस्ती, क्रिकेट बंद. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसणं फार घातक.

विश्रांती म्हणजे महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. पहिले एक-दोन दिवस शांतता, मग थोडं चालणं, थोडं काम, हळूहळू वाढवत नेणं. मोबाइल कमी, झोपेची वेळ ठरलेली. दुकानात आधी दोन तास, हिशेबाला शेजारी कुणीतरी. सजद्यात वाकल्यावर चक्कर येत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिलेली आहे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याचीही आहे. औषधं वेळेवर घ्यायची असतील तर इमामसाहेबांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारा. सवलत घेतल्याने ईमान कमी होत नाही.

आसेबाबद्दल एवढंच. दुआ करा, दम करून घ्या, त्याने मनाला धीर येतो. पण इलाजाच्या जागी नव्हे. उंट बांधून मग अल्लाहवर भरोसा ठेवण्याची शिकवण आपण मुलांना सांगतो. डोक्याच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे डॉक्टर गाठणं.

आणि माझ्या बहिणी, तुझ्यासाठी. जुना सीटी रिपोर्ट, सुट्टीचा कागद आणि एक यादी घेऊन न्यूरोच्या डॉक्टरकडे जा. अपघातानंतर कोणती गोष्ट कधी बदलली, ते तारखेनिशी लिही. ही यादी यंत्रापेक्षा कमी मोलाची नाही, कारण अपघातापूर्वीचा माणूस यंत्राने पाहिलेला नसतो, तू पाहिलेला आहे. सासरच्या एखाद्या समजूतदार माणसाला सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. राग आजारातून येतो हे समजून घेणं वेगळं आणि मार खाणं वेगळं. हात उठत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि तुझी आणि मुलांची सुरक्षितता आधी बघ. पुढचा निर्णय तुझा आहे. तो आजाराचं निदान झाल्यावर, सगळं माहीत असताना घे.

रस्ता आणि आपण

हे सगळं नंतरचं. आता आधीचं. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट. पण चांगल्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो, आणि मेंदू आहे तसाच मऊ असतो. त्याच २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसलेले ५०,०२९ होते, आणि त्यांच्यापैकी १४,३३७ मागे बसलेले. मागे कोण बसतं? आपण बसतो, मांडीवर मूल घेऊन.

मोटारसायकल अपघातांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी लहान हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आयएसआय खूण पाहून घ्या, आणि हिजाब घालूनच मापाला बसवून बघा. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं. ओढणी आणि बुरख्याचा घेर चाकापासून आवरून बसा. वहिनी-भाभींच्या कितीतरी अपघातांचं मूळ तेवढ्यातच असतं.

आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार देण्याची केंद्राची योजना लागू आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधारची झेरॉक्स घरात हाताशी असू द्या.

या महिन्यात प्रत्येक घराने दोन कामं करावीत. गेल्या वर्षभरात आपल्या नात्यात कुणाच्या डोक्याला मार लागला होता, ते आठवावं आणि "आता बरं आहे ना?" याऐवजी "आधीपेक्षा काय वेगळं वाटतं?" असं विचारावं. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावं. दुसरं काम बाजारातलं आहे: घरात गाडीवर बसणारी डोकी मोजावीत आणि हेल्मेट मोजावीत. दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत ईदची बाकी खरेदी थांबली तरी चालेल.